परतीची तारीख कुणाच्या हाती?

बुधवारी आमच्या केंद्रावर समुपदेशनाचा दिवस असतो. त्या दिवशी पोटगीच्या दोन केसेस होत्या, एका मुलीच्या दाखल्याचं काम होतं. सगळं आटपत आलं आणि शेवटी रत्नागिरीजवळच्या एका वाडीतल्या काकू आत आल्या. काकूंना मी बचत गटाच्या बैठकांपासून ओळखते. पासष्टीच्या आहेत. यजमान गेल्यापासून हापूसची कलमं त्या स्वतः सांभाळतात. फवारणी, राखण, तोडणी, पेट्या भरणं, दलालाशी हिशेब, सगळं. त्यांनी पिशवीतून घडी केलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला.

"बघ गो जरा. लेकीने पाठवलंन. यातलं कुठलं बरं ते सांग."

कागदावर एक तक्ता होता. मुंबईहून न्यूयॉर्कला जाण्याचे तीन मार्ग आणि तिन्ही बिझनेस क्लासचे: एक थेट, एक आखातातून, एक युरोपातून. लेक न्यू जर्सीत आहे, नोव्हेंबरात तिचं पहिलं बाळंतपण. आईने ऑक्टोबरअखेर यावं, आणि इतका लांबचा प्रवास तिने अवघडून बसून करू नये म्हणून लेक-जावयांनी हा खर्च काढलेला. तक्त्यात रकाने होते: आसन पूर्ण आडवं होतं का, लाउंज कसा आहे, जेवण किती वेळा, सामान किती किलो, भाडं किती.

खरं सांगते, माझी पहिली प्रतिक्रिया चांगली नव्हती. ज्या खुर्चीवर अर्ध्या तासापूर्वी पोटगीचे पैसे सहा महिने न मिळालेली बाई बसली होती, त्याच खुर्चीवर बसून बिझनेस क्लासची तुलना करायची? हे काय आपलं काम आहे? पण काकू पुढे म्हणाल्या, "सगळं लिहिलंन त्यात. माझे गुडघे तेवढे नाहीत." मग मी कागद नीट वाचायला घेतला. त्या दिवशी आम्ही दोघींनी जी तुलना केली, ती आपल्या गटांतल्या पुष्कळजणींना उपयोगी पडेल असं वाटलं, म्हणून हा लेख. आपल्या प्रत्येक गटात आज एक तरी बाई अशी आहे, जिची मुलगी किंवा सून परदेशी आहे आणि जिला बाळंतपणाला बोलावणं आलेलं आहे.

आधी हा बिझनेस क्लास आला कुठून ते पाहू. एअर इंडियाचं बोइंग ७०७ विमान १९६० साली न्यूयॉर्कला जाऊ लागलं तेव्हा हा वर्गच नव्हता. वर पहिला वर्ग, खाली इकॉनॉमी. मधला वर्ग सत्तरीच्या दशकाच्या शेवटी निघाला. ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासने १९७९ साली तो आणला. पूर्ण आडवं होणारं आसन या वर्गात ब्रिटिश एअरवेजने २००० साली दिलं. २०१७ मध्ये कतार एअरवेजने दार लागणारी खोलीवजा जागा काढली. हे सगळं कुणासाठी? कंपनीच्या पैशाने प्रवास करणाऱ्या, विमानातून उतरून थेट बैठकीला जाणाऱ्या साहेबासाठी. बाळंतिणीची सेवा करायला निघालेली आई या आसनाच्या आखणीत कधी नव्हतीच. त्यामुळे त्या साहेबासाठी बनवलेले रकाने आईला लावले, तर तिचे प्रश्न तक्त्याबाहेरच राहणार.

म्हणून आम्ही रकाने बदलले. पहिला रकाना शरीराचा.

काकूंचा प्रवास मुंबईला सुरू होत नाही, तो वाडीत सुरू होतो. वाडीतून रिक्षा, मग स्टेशन, मग कोकण रेल्वे, मग ठाण्याहून किंवा दादरहून विमानतळ. लांब पल्ल्याची पुष्कळ विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात. म्हणजे सकाळी निघालेली बाई आसनावर पाठ टेकेपर्यंत अठरा-वीस तास जागी असते. कितीही महागडं आसन हा शीण भरून काढत नाही. एक रात्र आधी डोंबिवलीला भावाकडे मुक्काम करायचा, ही यातली बिनपैशाची आणि सगळ्यात मोठी सोय ठरली.

मग मार्ग. थेट विमान म्हणजे पंधरा-सोळा तास एकाच जागी, पण वाटेत बदलायचं नाही. आखातातून गेलं तर आधी तीनेक तासांचा टप्पा, मग चौदा तासांचा. म्हणजे झोप लागते न लागते तोच उठायचं आणि खरा लांब टप्पा पुढेच. युरोपातून गेलं तर जवळजवळ सारखे दोन भाग पडतात, आठ-नऊ तासांचे, मध्ये पाय मोकळे होतात, पण मोठ्या परक्या विमानतळावर एका दारातून दुसऱ्या दारापर्यंत पोचावं लागतं. "थेट" हा शब्दही तपासून घ्यावा लागतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं, तेव्हा अमेरिकेच्या काही उड्डाणांना लांबून वळसा घालून वाटेत इंधनासाठी उतरावं लागलं. अशा सेवा सुरू होतात, बंदही होतात. ज्या महिन्यात जायचं त्या महिन्याचं वेळापत्रकच खरं.

आखाताच्या मार्गात एक वेगळी गोष्ट आहे. अबुधाबीच्या विमानतळावर २०१४ पासून अमेरिकेची तपासणी तिथेच उरकते. त्या विमानाने गेलं की उतरल्यावर पुन्हा रांग नाही. मात्र साहेबाच्या प्रश्नांना तोंड द्यायचं ते वाटेतच, एकटीने. कागदपत्रं आणि उत्तरं आधीच तयार असतील तर ही सोय, नाहीतर धास्ती.

आणि जागा कुठली? बिझनेस क्लास म्हणजे सगळीकडे सारखीच सोय, हा गैरसमज आहे. काही जुन्या ७७७ विमानांत एका ओळीत २-३-२ अशी सात आसनं असतात. त्यातलं मधलं नशिबी आलं, तर रात्री लघवीला उठताना आडव्या झोपलेल्या परक्या पुरुषाचे पाय ओलांडावे लागतात. नव्या मांडणीत १-२-१ असते, प्रत्येकीला वाटेचा मोकळा रस्ता. साठीच्या बाईला रात्रीतून तीनदा उठावं लागतं, हे तिकीट काढणाऱ्या तरुण मुलाच्या मनातही येत नाही, आणि आई ते जावयाला सांगणार नाही. मग ती काय करते? पाणीच पीत नाही. घरून निघाल्यापासून घोटभरावर दिवस काढायचा, ही आपली जुनी सवय. एसटीच्या प्रवासात आणि मोर्चातसुद्धा आपण हेच करतो.

ही सवय इथे धोक्याची आहे, कारण कोरड्या हवेत शरीर आणखी सुकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालात म्हटलं आहे की चार तासांहून जास्त वेळ हालचाल न करता प्रवास केला तर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो. एरवी हा धोका सहा हजारांत एक इतका कमी असतो, पण लठ्ठपणा असेल किंवा पाळीच्या त्रासासाठी हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर तो वाढतो. याला "इकॉनॉमी क्लासचा आजार" असं नाव पडलं, पण कारण भाड्याचा वर्ग नाही, निश्चल बसणं आहे. आडव्या आसनावर पाय वर राहतात हे खरं, पण उठून चार पावलं चालणं हे इकॉनॉमीतल्या बाईलाही मोफत आहे.

दुसरी मोफत गोष्ट म्हणजे चाकाची खुर्ची. चालायला त्रास असलेल्या प्रवाशाला कुठल्याही वर्गाच्या तिकिटावर ही मदत मागता येते. तिकीट काढतानाच सांगावं, निदान दोन दिवस आधी तरी. खुर्चीबरोबर एक माणूस येतो, तो पुढच्या दारापर्यंत नेऊन पोचवतो, आणि भाषा अडत नाही. काकूंना खुर्चीचा संकोच वाटत होता. "म्हातारी झाले म्हणतील." मी म्हटलं, गुडघे दुखतात त्याची लाज कसली? याच गुडघ्यांवर बाग उभी आहे.

दुसरा रकाना सुरक्षिततेचा. जादा पैसे मोजले की बाई सुरक्षित, असं आपल्याला वाटतं. २६ नोव्हेंबर २०२२ ची न्यूयॉर्क-दिल्ली विमानातली घटना सगळ्यांना आठवत असेल. एअर इंडियाच्या बिझनेस क्लासमध्ये एका दारू प्यायलेल्या पुरुष प्रवाशाने सत्तरीच्या पुढच्या एका बाईंच्या अंगावर लघवी केल्याची तक्रार झाली. तक्रारीत त्या बाईंनी म्हटलं होतं की, त्यांना नको असताना त्या माणसाला माफी मागण्यासाठी समोर आणून बसवलं गेलं, आणि नंतर त्यांना त्याच जागेवर परत जायला सांगितलं गेलं. प्रकरण बाहेर आलं ते जानेवारी २०२३ मध्ये. मग अटक झाली, आणि विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपनीला तीस लाखांचा दंड केला. खटल्याचं काय व्हायचं ते न्यायालय ठरवेल. पण "झालं गेलं, मिटवून टाका" हा सूर आपण कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रत्येक केसमध्ये पोलीस चौकीत ऐकतो. तोच सूर इतक्या उंचीवर, इतक्या महाग तिकिटावरही कानी पडतो, ही शिकण्यासारखी गोष्ट आहे. म्हणून काकूंना सांगितलं: काही झालं तर तिथल्या तिथे लेखी तक्रार, जागा बदलून मागायची, आणि समझोत्याला नाही म्हणायचं.

या वर्गात आपल्याला ताट वाढणारी जी मुलगी असते, तिचाही विचार व्हावा. एअर इंडियाच्या हवाई सुंदरींना (हा शब्दच बघा!) एके काळी पस्तिसाव्या वर्षी निवृत्त व्हावं लागे, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर नोकरी जाई, आणि पहिल्या गरोदरपणातही जाई. नर्गिस मिर्झा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली गरोदरपणाची अट रद्द केली, पण चार वर्षांची लग्नबंदी कायम ठेवली. विमानातल्या पर्यवेक्षकाच्या कामावर बायकांचा हक्क मान्य व्हायला २०११ उजाडलं. पडद्याच्या पुढची आई आणि पडद्याजवळ उभी ती मुलगी, दोघींचं काम एकच: दुसऱ्याची काळजी घेणं. एकीला त्याचा पगार मिळतो, तोही झगडून; दुसरीला तिकीट मिळतं.

इथे आम्ही तिसऱ्या रकान्यापाशी आलो, जो तक्त्यात नव्हताच. मी विचारलं, "काकू, परत कधी यायचंय?"

"अठ्ठावीस एप्रिल घातलीय त्याने. सहा महिने भरतात ना."

"आणि तुम्हाला कधी यायचंय?"

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आंबा मार्चात सुरू होतो. एप्रिलअखेर आले तर हंगाम गेलाच की. जावई म्हणतात, या वर्षी बाग ठेक्याने द्या, एवढं काय त्यात. त्यांचं चुकीचं नाही. पण ठेकेदार कलमं ओरबाडून नेतो. आणि ते पैसे माझे असतात गो. वर्षभराचे."

मैत्रिणींनो, मुद्दा हा आहे. अभ्यागत व्हिसावर गेलेल्या माणसाला साधारण सहा महिने राहू देतात (नेमकी मुदत तिथला अधिकारी ठरवतो), म्हणून आईने सहा महिने राहायचं. कायद्याची कमाल मर्यादा ती घरात किमान अपेक्षा होते. आणि आईचं इथलं काम, तिची बाग, तिची भिशी, तिचं भजनी मंडळ, तिचे शेजार, हे काम नाहीच असं सगळे धरून चालतात. ती स्वतःही.

लेकीला दोष द्यायला मी हे लिहीत नाही. तिचीही कोंडी पाहा. अमेरिकेत १९९३ च्या कायद्याने बाळंतपणासाठी मिळते ती बारा आठवड्यांची रजा, तीही बिनपगारी, आणि पन्नासपेक्षा कमी नोकर असलेल्या मालकावर ती बंधनकारक नाही. न्यू जर्सीसारख्या काही राज्यांनी स्वतःची अंशतः पगारी रजा आणली आहे, न्यू जर्सीने २००९ पासून. पण तीही काही आठवड्यांपुरतीच. आपल्याकडे २०१७ च्या दुरुस्तीने रजा सव्वीस आठवडे झाली, पण आंब्याच्या पेट्या भरणाऱ्या, मासळी विकणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या किती बायकांपर्यंत ती पोचते, हे आपण रोज बघतो. रजा संपते, बाळ तीन महिन्यांचं असतं, पाळणाघराचं भाडं पगार खाऊन टाकतं. मग जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशाने जे करायचं टाळलं, ते रत्नागिरीतल्या एका बाईच्या गुडघ्यांवर येऊन पडतं. तिकीट कितीही महागाचं असो, ते या श्रमाची मजुरी नव्हे. प्रेमाने दिलेलं आहे, प्रेमानेच घ्यावं. पण त्याच्या बदल्यात परतीचा हक्क लिहून द्यायचा नसतो.

काहीजणी म्हणतील, हे सुखवस्तू घरातलं दुखणं झालं. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा कितीजणी पहिल्यांदा एकट्या माहेरी जाऊन आल्या. आपल्याला त्यांचं बघायला हवं. बरोबर आहे. पण याच जिल्ह्यातून आखाताची वाट कितीतरी घरांना पाठ आहे. घरकामाला जाणाऱ्या बाईचं वय तीस पूर्ण हवं, अशी अट आपल्या सरकारने संरक्षणाच्या नावाखाली घातली. तिथे पोचल्यावर मात्र पुष्कळजणींचा पासपोर्ट मालकाच्या कपाटात जातो. ती बाई इकॉनॉमीत बसून जाते, काकू पुढे आडव्या पडून जातील. एकीच्या जाण्याला मजबुरी म्हणतात, दुसरीच्या जाण्याला सुख. दोघींना मी एकच प्रश्न विचारीन: परत यायचं कधी, हे ठरवणार कोण? अर्थात काकूंचा पासपोर्ट त्यांच्याच पिशवीत असणार आणि लेक त्यांच्यावर जीव टाकते. हा फरक लहान नाही. पण म्हणून प्रश्न विचारायचाच नाही, असं होत नाही.

तेव्हा आम्ही तक्त्यात नवे रकाने घातले. तारीख बदलता येते का? सर्वांत स्वस्त प्रकारच्या भाड्यात तारीख बदलायला दंड आणि वर भाड्यातला फरक द्यावा लागतो. थोड्या चढ्या भाड्यात दंड नसतो. तिकीट कुणाच्या मोबाइल नंबरवर आणि ईमेलवर आहे? जावयाच्या असेल तर बदलही तोच करणार. आईचा नंबर त्यात हवा. आजारपणाचा विमा आहे का, आणि आधीपासूनच्या रक्तदाब-मधुमेहाचं काय? पुष्कळ विम्यांत त्याला मर्यादा असते, आणि पाहुण्याला तिथलं सरकारी आरोग्य संरक्षण मिळत नाही. हाती थोडे डॉलर स्वतःचे आहेत का?

एवढं लिहिल्यावर निवड सोपी झाली. दार लागणारी खोली, नावाजलेला लाउंज असलेलं सगळ्यात महाग तिकीट मागे पडलं. त्याहून कमी भाड्याचं, १-२-१ मांडणीचं, युरोपातून जाणारं तिकीट पुढे आलं, कारण त्याची परतीची तारीख दंडाशिवाय बदलता येत होती. चाकाची खुर्ची, कडेची जागा, आणि परतीची तारीख बारा मार्च. मी त्यांना सांगितलं, हे तुम्हीच लेकीला सांगा, मी फोन करणार नाही.

त्यांनी केला. पहिल्या दिवशी लेक रडली. दुसऱ्या दिवशी जावयांचा फोन आला, आवाज जरा कोरडा होता. चौथ्या दिवशी लेकीने नवा तक्ता पाठवला, त्यात शेवटचा रकाना होता: "आईची तारीख." मार्चनंतर बाळाला कोण बघणार, याचं उत्तर त्या घरात अजून सापडलेलं नाही. जावयाने कामाच्या वेळा बदलून मागितल्या आहेत, एवढं कळलं. ते उत्तर शोधणं हे बाळाच्या बापाचं, त्याच्या मालकाचं आणि त्या सरकारचंही काम आहे, एकट्या आजीचं नाही.

पुढच्या बैठकीत आपापल्या गटात हा विषय जरूर घ्या. बाळंतपणाला जाऊन आलेल्या, जाणाऱ्या बायकांना बोलतं करा. आसन कसं होतं, जेवण काय होतं, हे त्या हौसेने सांगतील, सांगू द्या. मग हळूच विचारा: परत यावंसं कधी वाटलं, आणि आलात कधी? दोन तारखांमध्ये अंतर किती पडलं, ते लिहून आमच्याकडे पाठवा.